बिनतिकिटाचे टपाल

गुरुवारची सकाळ. सातारा जिल्ह्यातील एका खेडेगावच्या माध्यमिक शाळेत परिपाठ नुकताच आटोपला आहे. कार्यालयात भाऊसाहेब संगणकावर शाळेचे टपाल पाहत बसले आहेत. शाळेच्या लिपिकाला गावात सारे याच नावाने हाक मारतात. पूर्वी हे टपाल पोस्टमनच्या खाकी थैलीतून येई. आता त्यातील बराचसा भाग ई-मेलच्या रूपाने येतो. इतक्यात दारात एक शेतकरी येऊन उभा राहतो.

"भाऊसाहेब, पोरीच्या शिष्यवृत्तीचं काही पत्र आलं का? अर्जात चूक निघाली तर कळवणार होते म्हणे."

भाऊसाहेब पडद्यावरील यादी वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. "नाही दादा, अजून काही नाही. बाकी कचराच फार आलाय बघा."

शेतकरी मान हलवून निघून जातो. 'कचरा' हा शब्द भाऊसाहेबांच्या तोंडून सहज निघाला. परंतु तो अगदी नेमका आहे. एका पत्रात वजन घटविण्याच्या गोळ्यांची जाहिरात. दुसऱ्यात लाखो रुपयांची लॉटरी, तीही तिकीट न काढताच लागलेली! तिसऱ्यात परदेशातील कोणा धनाढ्य विधवेची बेवारस इस्टेट. चौथ्यात बँकेचे नाव सांगून खाते बंद करण्याची धमकी. यांपैकी एकही पत्र कोणी मागविलेले नसते, आणि लिहिणारा वाचणाऱ्याला ओळखतही नसतो. अशा पत्रांना जगभर 'स्पॅम' असे म्हणतात.

हे नाव मोठे गमतीचे आहे. स्पॅम हे मूळचे डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव. अमेरिकेत १९३७ साली ते प्रथम विक्रीला आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या ताटात ते इतक्या वेळा पडले की लोकांना त्याचा वीट आला. पुढे १९७० साली इंग्लंडमधील माँटी पायथन या विनोदी नटमंडळीने दूरचित्रवाणीवर एक प्रहसन सादर केले. त्यात एका उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असतेच. ते नको म्हणणाऱ्या बाईंचा आवाज 'स्पॅम, स्पॅम' अशा सामूहिक गाण्यात बुडून जातो. नको त्या गोष्टीच्या भडिमारात हवी ती गोष्ट ऐकूच येऊ नये, ही स्थिती संगणकावर काम करणाऱ्यांना पुढे नित्य अनुभवास येऊ लागली, आणि त्यांनी प्रहसनातील शब्द उचलला.

वस्तू मात्र नावापेक्षा जुनी आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यामार्फत पत्र धाडण्याची युक्ती रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली साधली. त्या काळी अमेरिकेत अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे होते. ते संशोधनासाठी सरकारी खर्चाने चाले आणि त्यावरील माणसे मोजकी होती. इतकी मोजकी, की त्यांच्या पत्त्यांची छापील वही निघत असे. मे १९७८ मध्ये एका संगणक कंपनीचे विक्री-अधिकारी गॅरी थर्क यांना आपल्या नव्या यंत्रांची माहिती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांना द्यावयाची होती. प्रत्येकाला निराळे पत्र कोण लिहीत बसणार? त्यांनी त्या वहीतील सुमारे चारशे पत्ते एकामागून एक घालून एकच पत्र सर्वांना पाठवावयाचे ठरविले. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावेनात; उरलेले मजकुरात सांडले. पत्र मिळालेल्या अनेकांनी संताप व्यक्त केला आणि जाळ्याच्या व्यवस्थापकांनी कंपनीला समज दिली. जगातील पहिले स्पॅम म्हणून आज याच पत्राकडे बोट दाखविले जाते.

समज देऊन हा प्रकार थांबला नाही. का थांबला नाही, हे समजण्यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे.

आपल्याकडे पूर्वी साखळीपत्रांची साथ येत असे. एखाद्या देवस्थानाचे नाव घालून लिहिलेले निनावी पोस्टकार्ड घरी येई. 'अशीच अकरा पत्रे लिहून धाडा, लाभ होईल. न धाडाल तर संकट ओढवेल,' असा त्यातील मजकूर. भाबडी माणसे घाबरून अकरा कार्डे विकत आणीत आणि बोटे दुखेपर्यंत लिहीत. परंतु त्या वेडाला एक मर्यादा होती: प्रत्येक कार्डाला पैसे पडत आणि प्रत्येक कार्ड हाताने लिहावे लागे. टपालखर्च पाठविणाऱ्याने सोसावयाचा, हा नियमच त्या मूर्खपणाला आपोआप लगाम घालीत असे.

ई-मेलला तिकीट नसते. एक पत्र पाठवा वा एक कोटी पाठवा, पाठविणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. २००८ साली कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी याचा प्रत्यक्ष अभ्यास केला. औषधांची जाहिरात करणारी कचरापत्रे पाठविणाऱ्या एका मोठ्या टोळीच्या यंत्रणेत त्यांनी हुशारीने शिरकाव केला आणि पत्रांतील दुव्यांची दिशा आपण उभारलेल्या नकली दुकानाकडे वळविली. या दुकानात कोणाचेही पैसे घेतले जात नसत. गिऱ्हाईक खरेदीच्या शेवटच्या पायरीवर आले की त्याला थांबविण्यात येई आणि फक्त नोंद होई. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे सुटली. त्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा पुढच्या टपालयंत्रांनी स्वीकारला. खरेदीच्या पायरीपर्यंत किती माणसे आली असतील? २८!

सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! पोस्टकार्ड पन्नास पैशांचे धरले, तर ३५ कोटी कार्डांना साडेसतरा कोटी रुपये मोजावे लागतील. त्या २८ जणांनी मागविलेल्या मालाची एकूण किंमत होती सुमारे २,७३० डॉलर. कार्डांच्या व्यापारात असा माणूस पहिल्याच दिवशी धुळीला मिळाला असता. बिनतिकिटाच्या टपालात मात्र त्याचा धंदा चालू राहतो.

खर्च नाहीसा होतो, असे मात्र नाही. तो केवळ दुसऱ्याच्या माथी बसतो. पूर्वी तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला लोक 'नॉटपेड' म्हणत. त्याचा दुप्पट आकार पत्र घेणाऱ्याकडून वसूल केला जाई. तरी ते पत्र परत धाडण्याची त्याला मुभा होती. ई-मेलच्या नॉटपेड पत्राला तीही सोय नाही. पत्रे साठविणारी यंत्रे, ती अडविणारी माणसे, वीज, आणि सर्वांत मोलाचा म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ, हा सारा आकार घेणाराच भरतो. एक कोटी माणसांनी एकेक कचरापत्र काढून टाकण्यास प्रत्येकी पाचच सेकंद घालविले, तरी ५ कोटी सेकंद होतात. म्हणजे अहोरात्र ५७८ दिवस. पाठविणाऱ्याने त्यासाठी बोटाचा एक दाब खर्च केलेला असतो.

यावर कोणी विचारील की अशा माणसाचा पत्ता पत्रावर असेलच, मग त्याला धरीत का नाहीत? अडचण नेमकी येथेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर या गावी घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. ई-मेलचे गावही आरंभी असेच वसले. पत्र एका यंत्राने दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे याचे नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावरील माणसे परस्परांच्या ओळखीची होती आणि खोटेपणाची शंका कोणाला आली नाही. म्हणून पाठविणाऱ्याने आपले जे नाव लिहिले तेच खरे, असे ते नियम धरून चालत. कागदी पाकिटावरही मागच्या बाजूला कोणाचेही नाव लिहिता येते. टपाल खाते काही ते तपासत नाही. त्यातून पुष्कळशी कचरापत्रे ठगाच्या स्वतःच्या यंत्रावरून सुटतही नाहीत. कोणा निरपराध माणसाच्या घरच्या संगणकात चोरून एक प्रोग्राम बसविलेला असतो, आणि मालकाला पत्ता न लागता तो संगणक रात्रंदिवस पत्रे टाकीत राहतो. अशा हजारो बंदिवान संगणकांची फौज एका ठिकाणाहून हाकता येते. नोव्हेंबर २००८ मध्ये या फौजा हाकणाऱ्या यंत्रांना आसरा देणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका कंपनीची जोडणी तोडण्यात आली, आणि जगातील कचरापत्रांचे प्रमाण एका दिवसात निम्म्याहून अधिक घसरले. दुर्दैवाने हे सुख काही महिनेच टिकले. ठगांनी दुसरे बिऱ्हाड शोधले.

येथवर जाहिरातींविषयी झाले. जाहिरात फार तर वेळ खाते. परंतु याच गर्दीत लपून फसवणूक येते, आणि ती घर बुडविते.

फसवणुकीचे पत्र ही संगणकाची निर्मिती नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपात व अमेरिकेत 'स्पॅनिश कैदी' या नावाने ओळखली जाणारी लबाडी कागदी टपालाने चालत असे. स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत गृहस्थ अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे पैसे धाडा, तो सुटला की तुम्हांला मोठा वाटा देईल, अशी त्यातील बतावणी. पैसे धाडले की नवी अडचण निघे आणि पुन्हा पैसे मागितले जात. आज तीच गोष्ट राजपुत्राच्या, विधवेच्या किंवा परदेशी अधिकाऱ्याच्या नावाने येते. वेश बदलला, सोंग तेच राहिले.

ही पत्रे वाचताना एक प्रश्न मनात येतो. ती इतकी बावळट का असतात? व्याकरणाच्या चुका, अशक्य रकमा, जगाला ठाऊक झालेली कथा! एवढा कावेबाज माणूस जरा बरे पत्र का लिहीत नाही? मायक्रोसॉफ्ट कंपनीतील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचे उत्तर सुचविले. पत्रे धाडणे फुकट आहे. परंतु ज्याने उत्तर दिले त्याच्याशी पुढे दिवसचे दिवस बोलत बसणे फुकट नाही. सावध माणसाने आरंभी उत्तर दिले आणि शेवटी पैसे दिले नाहीत, तर ठगाचा वेळ वाया जातो. म्हणून पत्रातील बावळटपणा हीच त्याची चाळण होय. शहाणे वाचक हसून पत्र टाकून देतात, आणि चाळणीत उरतात ते अतिशय भाबडे, घाबरलेले किंवा एकाकी लोक. म्हणजे ज्या पत्राला घरातील तरतरीत मुले हसतात, ते पत्र त्यांच्यासाठी लिहिलेलेच नसते; ते लिहिलेले असते त्यांच्या आजोबांसाठी. बँकेच्या नावाने येणारी धमकी मात्र अशी बावळट नसते. ती हुबेहूब असते आणि नेहमी घाईत असते: 'आजच माहिती भरा.' घाई झालेला माणूस दुसऱ्या कोणाला विचारीत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

आता हा पूर अडवितात कसा ते पाहू. प्रथम लोकांनी संगणकाला साधे नियम शिकविले: अमुक शब्द दिसला की पत्र बाजूला टाकावे. ठगांनी लगेच अक्षरे बदलली. इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य लिहिले की माणूस वाचतो, पण यंत्र फसते. २००२ साली पॉल ग्रॅहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका जुन्या गणिताचा आधार घेण्याविषयी लिहिले आणि या कामाला चांगला वेग आला. हे गणित टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे. ते त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याला होणाऱ्या उपद्रवासाठी ते जवळजवळ अडीचशे वर्षांनी उपयोगी पडेल, असे त्या सत्पुरुषाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्याचे तत्त्व असे. समजा, १०० कचरापत्रे आणि १०० खरी पत्रे घेतली. 'बक्षीस' हा शब्द कचऱ्याच्या गठ्ठ्यात ६० पत्रांत आढळला आणि खऱ्या गठ्ठ्यात ३ पत्रांत. म्हणजे हा शब्द असलेली एकूण ६३ पत्रे. त्यांपैकी ६० कचरा. तेव्हा नव्या पत्रात 'बक्षीस' दिसले तर ते कचरा असण्याचा संभव शंभरात सुमारे ९५. पण शाळेच्या बक्षीस समारंभाच्या निमंत्रणाचे काय? तेथे इतर शब्द साक्षीला येतात. 'वर्गशिक्षक', 'सभागृह', 'गणवेश' हे शब्द कचऱ्यात सहसा नसतात; ते तराजूचे दुसरे पारडे जड करतात. यंत्र अशा साऱ्या साक्षी एकत्र तोलते आणि मग निकाल देते. ग्रॅहॅम यांनी आपल्याला आलेली सुमारे ४,००० कचरापत्रे आणि तितकीच खरी पत्रे यंत्राला मोजावयास लावली. तेव्हा अक्षरांना भडक लाल रंग देणारी सांकेतिक खूण ही कोणत्याही ओंगळ शब्दाइतकीच पक्की साक्ष ठरली. हा नियम कोणा माणसाने सांगितला नव्हता. तो मोजणीतून निघाला. आजची यंत्रे याहून किती तरी अधिक गोष्टी तोलतात, तरी मूळ शिकवण हीच आहे. 'हे स्पॅम आहे' असे बटण कोणी दाबले की ते पत्र एका गठ्ठ्यात जाते, 'हे स्पॅम नाही' म्हटले की दुसऱ्या. दाबणारा नकळत यंत्राचा शिक्षक होतो.

नावाच्या खोटेपणावरही उपाय निघाला. आमच्या नावाची पत्रे कोणत्या यंत्रांवरून निघतात, हे आता संस्था जाहीर करून ठेवतात, आणि पत्रावर गणिताने केलेली एक मोहोर उमटवितात. पूर्वी पाकिटावर लाखेची मोहोर असे, त्यातलाच हा प्रकार. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना अशी मोहोर आणि 'पुन्हा पाठवू नका' असे एका दाबात सांगण्याची सोय सक्तीची केली आहे. तथापि मोहोर पत्र कोठून आले एवढेच सांगते. तेथील माणूस सज्जन आहे, असे ती सांगत नाही. बँकेच्या नावात एखादे अक्षर फिरवून ठगालाही आपले संकेतस्थळ थाटता येते व त्याची मोहोर घेता येते.

'पुन्हा पाठवू नका' या बटणाविषयीही तारतम्य हवे. ओळखीच्या दुकानाने किंवा मासिकाने पत्रे सुरू केली असतील तर तेथे हे बटण दाबणे योग्यच. परंतु अनोळखी ठगाच्या पत्रात तेच बटण दाबले तर त्याला एवढेच कळते, की या पत्त्यावर खरोखर कोणी राहते! रागाने लिहिलेल्या उत्तराचाही परिणाम हाच. काही पत्रांत तर डोळ्यांना न दिसणारे ठिपक्याएवढे चित्र दडविलेले असते. पत्र उघडले की ते चित्र ठगाच्या यंत्राकडून मागविले जाते आणि उघडल्याची वर्दी तेथे पोहोचते. म्हणून पुष्कळ ठिकाणी विचारल्यावाचून चित्रे न दाखविण्याची सोय ठेवलेली असते. बँकेचे म्हणून पत्र आले तर त्यातील दुवा न दाबता पासबुकावरील क्रमांकावर विचारावे, हे उत्तम. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या सरकारी मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे. वेळीच कळविले तर ठगाच्या खात्याकडे निघालेली रक्कम वाटेतच रोखता येण्याचा संभव असतो. घरातील वडील माणसे बोलणी बसतील या भयाने अशी गोष्ट लपवितात, आणि त्यात मोलाचे तास निघून जातात.

यंत्राच्या हातून दोन प्रकारच्या चुका घडतात. कचरा खऱ्या टपालात राहणे ही पहिली. तिचा त्रास पाच सेकंदांचा. खरे पत्र कचऱ्यात जाणे ही दुसरी. तिचा त्रास किती, ते पत्रात काय होते यावर ठरते. म्हणूनच संशयित पत्रे सहसा लगेच नष्ट न करता एका निराळ्या कप्प्यात ठेवली जातात. पण तेथेही ती कायमची राहत नाहीत. जीमेलमध्ये ३० दिवसांनी ती आपोआप पुसली जातात. भाऊसाहेबांचा नियम होता, की शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तो कप्पा एकदा वरपासून खालपर्यंत पाहावयाचा.

त्या शनिवारीही त्यांनी तो उघडला. गोळ्या, लॉटरी, विधवा, पुन्हा गोळ्या. आणि त्यांच्या मध्ये एक साधे पत्र. 'शिष्यवृत्तीची रक्कम', 'बँक खाते', 'त्वरित', 'अंतिम संधी' असे सारे शब्द त्यात होते. ठगांच्या पत्रांत नेमके हेच शब्द असतात, म्हणून यंत्राने ते अडविले होते. पत्र मंगळवारीच आले होते. मुलीच्या अर्जातील जन्मतारीख दाखल्याशी जुळत नव्हती. दुरुस्तीची मुदत सोमवारी संपत होती.

भाऊसाहेबांनी पाठविणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर लावून पाहिला, अर्जाच्या पावतीवरील क्रमांकावर फोन करून खात्री करून घेतली, आणि 'हे स्पॅम नाही' हे बटण दाबले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली.

"अरे, सायकल काढ आणि दादांच्या वस्तीवर जाऊन ये. पोरीचा जन्मदाखला घेऊन आत्ताच्या आत्ता बोलावलंय म्हणावं."